घर पाहावं मॉडून!

नवा शूटर गेम घ्यायचा म्हणजे आधी ग्राफिक्स कार्ड, मग रॅम, मग खिशाला कात्री. बॉस, त्यापेक्षा १९९३चा 'डूम' काढा! तिशी उलटली तरी गडी अजून तरुण आहे. कारण एकच, मॉड्स.

मॉड म्हणजे मूळ गेमवर चाहत्यांनी चढवलेला नवा साज. नव्या लेव्हल्स, नव्या बंदुका, नवे राक्षस. आयडी सॉफ्टवेअरने 'डूम'चे नकाशे, चित्रं आणि आवाज 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले होते. १९९७मध्ये तर इंजिनचा सोर्स कोडही खुला केला. मग काय, हौशी मंडळी सुटलीच! सायबर कॅफेत ज्याच्यापायी पॉकेटमनी उडायचा, ते 'काउंटर-स्ट्राइक'सुद्धा १९९९मध्ये 'हाफ-लाइफ'चं मॉड म्हणूनच जन्मलं.

इन्स्टॉल कसं कराल?

१. विकत घेतलेल्या 'डूम टू'च्या फोल्डरमधली वॅड फाइल कॉपी करा.
२. 'जीझेडडूम' हे इंजिन फुकट मिळतं. ते अनझिप करून वॅड त्याच फोल्डरमध्ये टाका.
३. मॉडची फाइल माउसने ओढून जीझेडडूमच्या आयकॉनवर सोडा. झालं!

मॉड कुठल्या गेमसाठी आणि कुठल्या इंजिनसाठी आहे, हे सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये आधी वाचा. घोळ होतो तो इथेच. मूळ फाइलला धक्काही लागत नाही. मॉड नाही आवडलं तर डिलीट मारा.

आपलं घर 'डूम'मध्ये बांधायचं, ही तर मॉडर्सची जुनी हौस. २०२३च्या 'मायहाउस'मध्ये असंच एक साधं घर दिसतं आणि फिरता फिरता ते चक्क बदलत जातं. ते खेळलो आणि डोक्यात किडा वळवळला.

रत्नागिरीचं आमचं कौलारू घर लवकरच उतरवणार आहेत. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोत चालता येत नाही ना! म्हणून टेप घेऊन मापं काढली आणि 'अल्टिमेट डूम बिल्डर' या मोफत एडिटरमध्ये बसलो. ओटी, माजघर, देवघर, परसातली विहीर पटापट उभी राहिली. घाम काढला तो माळ्याने. मूळ 'डूम'मध्ये खोलीवर खोली चढतच नाही! शेवटी जीझेडडूमचे थ्रीडी फ्लोअर कामी आले.

आजीची अट एकच होती, "उंबरा हवा हो!" 'डूम'चा हीरो चोवीस युनिटांपर्यंतचीच पायरी चढतो, म्हणून उंबरा आठ युनिटांचा ठेवला. राक्षस मात्र एकही ठेवला नाही. आता ती खुर्चीत बसून सांगते, "डावीकडे वळ, देवघरात ने." आणि मी नेतो.

तुमची चाळ, वाडा किंवा सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीय? मग बिल्डर यायच्या आधी एक रविवार काढा आणि मापं घेऊन ठेवा. बांधायला 'डूम' आहेच!