गुलाबाला वास येतो कुठून?

फुलवाल्याकडून एक गावठी गुलाब आणा आणि तो बुकेमधल्या लांब दांड्याच्या गुलाबाशेजारी ठेवा. गावठीचा रंग फिकट गुलाबी, पाकळ्या विस्कटलेल्या, दांडा आखूड. देखणा दिसेल तो बुकेवालाच. आता डोळे मिटून दोन्ही हुंगा बरं! गावठी लगेच ओळखू येतो. दुसऱ्याला बहुतेक वेळा वासच नसतो.

बुकेचे गुलाब तळेगावसारख्या ठिकाणी हरितगृहात वाढतात आणि थेट परदेशातही जातात. एवढ्या प्रवासात ते टिकायला हवेत, दांडा सरळ हवा, रंग झळकायला हवा. म्हणून वर्षानुवर्षं तशाच जाती निवडल्या गेल्या. वासाकडे फारसं कुणी बघितलं नाही, आणि तो मागे पडला.

पण मागे पडला म्हणजे नेमकं काय झालं? 2015 साली फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी दोन गुलाब समोरासमोर ठेवले. एक गर्द लाल, घमघमणारा 'पापा मेयां'. दुसरा 'रूज मेयां', लालच, पण जवळजवळ बिनवासाचा. दोघांच्या पाकळ्यांत कोणती जनुकं काम करतात, ते त्यांनी तपासलं. घमघमणाऱ्या गुलाबात एक जनुक जोरात कामाला लागलेलं होतं, बिनवासाच्या गुलाबात ते जवळपास गप्प होतं. हे जनुक एक विकर तयार करतं आणि ते विकर 'जिरॅनिऑल' नावाचं गुलाबाच्या वासाचं द्रव्य बनवायला मदत करतं. खरी गंमत पुढेच आहे. या विकराची भावंडं इतर सजीवांत पेशीतली साफसफाई करतात, खराब झालेले रेणू निकामी करतात. म्हणजे झाडलोट करणाऱ्या घराण्यातलं एक पोर गुलाबात येऊन अत्तर बनवायला लागलं! मला तर ही गोष्ट फुलाहूनही सुंदर वाटते.

तर मग वासाचा गुलाब आपल्या घरी लावूया. रंग बघून रोप घेऊ नका, नर्सरीत उमललेलं फूल हुंगून घ्या. ओळखीच्या कुणाकडे गावठी गुलाब असेल तर त्याहून छान. पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा, खालच्या टोकाला तिरपा काप द्या आणि दोन डोळे, म्हणजे फांदीवरच्या फुटवा येण्याच्या जागा, मातीत जातील अशी खोचा. पावसाळ्यात ती सहज जगते. तळाला भोक असलेली बारा इंची कुंडी घ्या. मातीत कुजलेलं शेणखत चांगलं मिसळा. पाणी द्या, पण साचू देऊ नका. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच, त्यात तडजोड नको. सावलीतला गुलाब नुसती पानं काढतो. नर्सरीतलं रोप बहुतेक डोळा भरून केलेलं असतं, म्हणजे रानटी गुलाबाच्या खुंटावर हव्या त्या गुलाबाचा डोळा जोडलेला असतो. त्याच्या जोडाखालून फुटवा आला तर तो मुळाशी काढून टाका, नाहीतर तो रानटी फुटवाच सगळं अन्न खाऊन टाकेल. पाऊस संपला की ऑक्टोबरात मोठ्या माणसांच्या मदतीने छाटणी करा. साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या येतात.

फूल अर्धवट उमललं की एक प्रयोग करा. ते सकाळी सात वाजता हुंगा, मग भर दुपारी आणि पुन्हा संध्याकाळी. वासाला दहापैकी गुण द्या आणि वहीत लिहून ठेवा. पाकळीच्या वरच्या थरातल्या पेशी वास बनवतात आणि तो तिथूनच हवेत उडतो. दुपारच्या उन्हात तो भराभर उडून जातो. बल्गेरियातल्या काझानलाकच्या गुलाबदरीत फुलं भल्या पहाटे खुडतात, ती याचसाठी. तिथे 1 किलो गुलाबतेलाला 3 ते 4 हजार किलो फुलं लागतात!

आणि हो, कीटकनाशक फवारलेल्या फुलाला नाक लावू नका. बुकेतल्या पाकळ्या गुलकंदालाही वापरू नका. त्यासाठी आपल्या कुंडीतलीच फुलं घ्या.