शेवटच्या टाक्यापर्यंत

स्वेटर विणून होणं आणि स्वेटर तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सुईवरचे टाके बंद केले की काम संपलं असं वाटतं. पण त्या वेळी हातात असतात ते चार-पाच सुटे तुकडे, त्यांच्या आत वळणाऱ्या कडा आणि जागोजागी लोंबणारी लोकरीची टोकं. त्यांचा अंगात घालण्याजोगा कपडा करायचा तर टोकं आत ओवायची, तुकडे भिजवून मापावर पसरायचे, खांदे जोडायचे, बाह्या बसवायच्या, गळ्याचे टाके उचलायचे, बटणपट्टी विणायची. विणकामाच्या जगात या शेवटच्या टप्प्याला ‘फिनिशिंग’ म्हणतात. घरोघरच्या पिशव्यांमध्ये अर्धवट पडलेल्या विणकामांपैकी बरीचशी याच उंबरठ्याशी अडलेली असतात.

विणकामाच्या डिझायनरांकडे आपण एरवी नक्षीच्या आणि रंगांच्या बाजूनं बघतो. मला त्यांच्याकडे या शेवटच्या टप्प्याच्या बाजूनं बघायचं आहे. गेल्या पाऊणशे वर्षांत ज्यांनी या कलेला वळण लावलं, त्यांनी नवे नमुने दिलेच. पण त्याहून मोठं काम केलं ते विणणाऱ्याला शेवटच्या टाक्यापर्यंत सुखरूप नेण्याचं. डिझायनर म्हणून जगण्यातला आनंदही तिथेच आहे, अशी माझी खात्री आहे.

शेवट ठरतो तो सुरुवातीला

स्वेटर अंगाला बसणार की नाही, हे पहिल्या तुकड्यावर ठरतं. बारा-पंधरा सेंटिमीटरचा एक चौकोनी नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. समजा, डिझायनरनं दहा सेंटिमीटरला २२ टाके धरले आहेत आणि छातीचा घेर १०० सेंटिमीटर हवा आहे, तर २२० टाके लागतील. विणणारीचा हात जरा घट्ट असेल आणि तिचे २४ टाके बसत असतील, तर त्याच २२० टाक्यांचा घेर जेमतेम ९२ सेंटिमीटर भरतो. दोन टाक्यांच्या फरकानं आठ सेंटिमीटर गेले! महिनाभराची मेहनत मग धाकट्या बहिणीच्या अंगावर जाते. नमुना धुवूनच मोजायचा, कारण लोकर पाण्यात गेली की सैलावते, फुलते, कधी लांब होते.

विणून झाल्यावर तेच पाणी पुन्हा कामाला येतं. तुकडे ओले करून, मापावर ताणून, टाचण्या लावून वाळवण्याच्या पद्धतीला ‘ब्लॉकिंग’ म्हणतात. त्याची खरी ताकद जाळीदार विणीत दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या, विशेषतः उन्स्ट बेटावरच्या लेसच्या शाली इतक्या तलम असत, की त्या लग्नाच्या अंगठीतून ओढून दाखवत. एस्टोनियातल्या हाप्सालू गावच्या शालींचीही हीच ख्याती आहे. अशी शाल सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या चिंधीसारखी दिसते. भिजवून लाकडी चौकटीवर ताणली की तिची छिद्रं उघडतात, पानं-फुलं दिसू लागतात. विणणारीनं काय विणलं आहे, ते तिलाही तेव्हाच नीट कळतं.

बटणपट्टीचं गणितही असंच आहे. सुलट विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून दर चार ओळींमागे तीन टाके उचलायचे. चारही उचलले तर पट्टीला लाटा येतात. दोनच उचलले तर स्वेटरचा पुढचा भाग आखडतो. शिवण घालताना कपडा सुलट बाजूनं समोर ठेवायचा आणि कडेच्या पहिल्या व दुसऱ्या टाक्यामधला आडवा धागा आलटून पालटून दोन्ही तुकड्यांतून उचलत जायचं. ओढल्यावर शिवण आत जाते आणि दोन तुकडे अखंड विणल्यासारखे दिसतात. हे शिकायला एक दुपार पुरते. मग या कामाची भीती वाटत नाही. उलट त्याची वाट पाहिली जाते.

शिवणच नको म्हणणारी बाई

या टप्प्याची धास्ती कायमची घालवायचा विचार ज्यांनी केला, त्यांत पहिलं नाव एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांचं. जन्मानं इंग्लिश, कलेचं शिक्षण स्वित्झर्लंड आणि जर्मनीत. पती आर्नल्ड जर्मन. नाझी राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला आणि १९३७ मध्ये हे जोडपं अमेरिकेत आलं. पुढे विस्कॉन्सिन राज्यात एका जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी घर केलं.

१९५० च्या दशकात एका अमेरिकी मासिकानं त्यांचा नॉर्वेच्या धर्तीचा स्वेटर छापला. तो त्यांनी गोल सुईवर, नळीसारखा, बिनशिवणीचा विणला होता. संपादकांनी परस्पर त्याच्या सूचना बदलून सपाट तुकड्यांच्या केल्या. म्हणजे वाचणारीच्या पदरी पुन्हा शिवणी आल्या. एलिझाबेथबाईंनी यावर केलेला उपाय प्रत्येक कलावंतानं लक्षात ठेवावा असा आहे. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचं पत्रक काढलं आणि १९५९ मध्ये स्कूलहाउस प्रेस ही संस्था उभी केली. आपली रचना आपल्या शब्दांत विणणाऱ्यापर्यंत जावी, एवढाच आग्रह होता.

१९७१ मध्ये त्यांचं ‘निटिंग विदाउट टिअर्स’ आलं. त्यांनी मांडलेली टक्केवारीची पद्धत आजही वापरली जाते. घेराचे एकूण टाके म्हणजे शंभर टक्के. मनगटाला त्याचे वीस टक्के, काखेत आठ टक्के, गळ्याला चाळीस टक्के. आपल्या २२० टाक्यांच्या स्वेटरला मनगटाशी ४४, काखेत साधारण १८ आणि गळ्याला ८८ टाके. हे हाती आलं की कुठलीही लोकर, कुठलंही माप घेऊन स्वतःचा स्वेटर आखता येतो. म्हणजे त्यांनी नमुन्यांबरोबर नमुना करण्याची विद्याच वाटून टाकली.

बार्बरा वॉकर यांनी १९६८ पासून विणींचे जाडजूड कोश तयार केले आणि १९७२ मध्ये ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ लिहिलं. स्वेटर गळ्यापासून खाली विणत जायचा, वाटेल तेव्हा अंगावर घालून बघायचा, आणि लांबी पुरेशी झाली की थांबायचं. कपडा केव्हा पूर्ण झाला, हे छापील कागदाऐवजी घालणाऱ्याच्या अंगानं ठरवायचं.

दगडखाणी, रेल्वेचा डबा आणि कात्री

डिझायनरच्या कामाला पोटापाण्याची बाजू आहे, आणि ती स्वीडनच्या बोहुस्लेन प्रांतात फार ठळक दिसते. १९३० च्या मंदीत तिथला दगडखाणींचा धंदा बसला. घरातल्या बायका काम मागायला प्रांताच्या गव्हर्नरांच्या पत्नी एमा याकोबसन यांच्याकडे गेल्या. त्यातून १९३९ मध्ये ‘बोहुस स्टिकनिंग’ उभी राहिली आणि १९६९ पर्यंत चालली. केर्स्टिन ओल्सन यांच्यासारख्या डिझायनर नमुने आखत आणि गावोगावच्या बायका घरी बसून ते विणत. गळ्याभोवती रंगांची मंद वर्तुळं, सुलट विणीत मध्येच पेरलेले उलट टाके, अंगोरा मिसळलेली मऊ लोकर. याकोबसनबाई सफाईच्या बाबतीत कडक होत्या. त्या कडकपणामुळेच खाणकामगारांच्या घरचं विणकाम मोठ्या शहरांतल्या दुकानांत मानानं पोचलं.

कॅफे फॅसेट यांची वाट अगदी निराळी. १९३७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेले हे चित्रकार १९६४ मध्ये इंग्लंडला आले. स्कॉटलंडच्या एका गिरणीत शेटलंड लोकरीचे रंग बघून ते हरखले, वीस रंगांची लोकर विकत घेतली आणि लंडनला परतताना रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवासी बाईंकडून विणायला शिकले. १९८५ मध्ये त्यांचं ‘ग्लोरियस निटिंग’ आलं, आणि १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरलं. हयात वस्त्रकलावंताला एकट्याचं प्रदर्शन मिळण्याची तिथली ती पहिलीच वेळ. इतके रंग म्हणजे इतकी टोकं! फॅसेट यांचं सांगणं असं, की टोकं शेवटाला साठवू नका, विणतानाच मागच्या बाजूनं गुंफत चला. त्यामुळे रंगांची हौस पुरी होते आणि कपडाही पुरा होतो.

शेटलंडच्या बायकांनी तर याहून धीट उपाय काढला. फेअर आयल पद्धतीचा रंगीत स्वेटर त्या अखंड नळीसारखा विणतात. बाही यायची त्या जागी थोडे जादा टाके ठेवतात आणि शेवटी त्या टाक्यांच्या मधोमध सरळ कात्री चालवतात. शेटलंड लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात, म्हणून टाके उसवत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. पण ती कात्री धरायला लागणारा विश्वास पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला आहे.

आजच्या डिझायनरचा दिवस

आज विणकामाचा नमुना विकून जगणाऱ्या माणसाचा थोडाच वेळ सुयांवर जातो. बाकीचा कागदावर आणि संगणकावर. एक स्वेटर एका मापात सुंदर झाला, की तो आठ-दहा मापांत बसवायचा. इथे सरळ गुणाकार चालत नाही, कारण छाती वाढली म्हणून खांदे आणि हात त्याच प्रमाणात वाढत नाहीत. प्रत्येक मापाची काख, बाहीचा उतार, गळ्याची खोली वेगळी मांडावी लागते. मग तांत्रिक संपादक प्रत्येक ओळीचे टाके तपासतो. त्यानंतर वेगवेगळ्या मापांचे, वेगवेगळ्या हातांचे लोक तो चाचणीसाठी विणतात, आणि जिथे ते अडतात तिथे भाषा सुधारली जाते. ‘उजवी बाजू’ म्हणजे घालणाऱ्याची की बघणाऱ्याची, एवढ्या एका संदिग्ध शब्दानं पुढचे दोन्ही तुकडे एकाच बाजूचे विणले जाऊ शकतात.

२००७ मध्ये सुरू झालेल्या ‘रॅव्हलरी’ या संकेतस्थळानं डिझायनरना थेट विणणाऱ्यांना नमुना विकायची सोय करून दिली. पूर्वी मासिक किंवा लोकर कंपनी दारात उभी असे. आता घरच्या टेबलावरून जगाशी व्यवहार होतो. ॲमस्टरडॅममध्ये राहणारे अमेरिकी डिझायनर स्टीफन वेस्ट दरवर्षी एका शालीच्या सूचना तुकड्यातुकड्यानं देतात. शेवट कसा दिसणार हे कुणालाच माहीत नसतं, आणि जगभरचे लोक एकाच वेळी ती विणत असतात. नॉर्वेत राहणाऱ्या आर्ने आणि कार्लोस या जोडीनं नाताळच्या झाडाला टांगायचे विणलेले गोळे लोकप्रिय केले. एक गोळा थोड्या वेळात होतो आणि पूर्ण केल्याचं सुख लगेच हाती पडतं.

या कामात उत्पन्न अनियमित असतं, पाठ-मनगटं दुखतात, मुदती येतात. तरीही ते करणारे टिकून राहतात, कारण एक आनंद इथे दोनदा मिळतो. स्वतःचा कपडा पुरा झाला की एकदा. आणि कधी न पाहिलेल्या गावातल्या कुणी तोच नमुना आपल्या लोकरीत, आपल्या रंगात पुरा केला की पुन्हा.

आपल्याकडची मुदत

महाराष्ट्रात थंडी दोन महिन्यांची. तरी विणकाम इथे रुजलं ते बाळाच्या निमित्तानं. बाळंतविड्यात झबली, दुपटी यांच्याबरोबर लोकरीचं टोपडं, मोजे आणि इवलासा स्वेटर असायचाच. रुखवतातही लोकरीच्या वस्तू मांडल्या जात. दोन्हींना तारीख ठरलेली: एक पंचांगातली, एक दाईनं नाहीतर डॉक्टरांनी सांगितलेली. म्हणून आपल्या आज्यांचं विणकाम अर्धवट राहत नसे. झिमरमनबाईंचा १९६८ चा प्रसिद्ध बाळाचा स्वेटर इथे आठवतो. तो एकाच सपाट तुकड्यात विणतात, घडी घालतात आणि फक्त खांदे शिवतात. बाळंतविड्याच्या घाईला याहून सोयीचं काही नाही.

साधनांतही आपला वाटा आहे. लुधियाना लोकरीच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहेच. पण परदेशातल्या अनेक डिझायनरांच्या हातातल्या रंगीत लाकडी सुयाही ‘निटप्रो’ या भारतीय कंपनीच्या असतात.

आपल्याकडे कमी राहिलं ते लिहिणं. ‘दोन सुलट, दोन उलट, मग जाळी’ असं तोंडी सांगून, विणलेला तुकडा हातात देऊन विद्या पुढे गेली. मापं वितीनं घेतली गेली. असंख्य मराठी बायकांनी स्वतःच्या डोक्यानं गळे आखले, बाह्या उतरवल्या, नक्ष्या जुळवल्या. त्या डिझायनरच होत्या. कागद मात्र कोरा राहिला.

तो कागद किती मोलाचा असतो, हे ‘लूझ एंड्स’ या प्रकल्पाकडे पाहिलं की कळतं. २०२२ मध्ये अमेरिकेत जेनिफर सिमोनिक आणि मेसी कॅपलन या दोघींनी तो सुरू केला. कुणी मृत्यूमुळे किंवा आजारपणामुळे अर्धवट सोडलेलं हातकाम तिथे अनोळखी स्वयंसेवकाकडे सोपवलं जातं. तो ते विनामूल्य पुरं करून कुटुंबाला परत देतो. हजारो माणसं यासाठी पुढे आली आहेत. पण नमुन्याचा कागद सोबत नसेल, तर त्यांना आधी टाके मोजून, ओळी वाचून, गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं याचा माग काढावा लागतो. चार ओळींचं टिपण असेल, तर दुसरी बाही पहिलीसारखी होते.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं दोन गोष्टींचं आहे. या दिवाळीत पिशवीतलं एक जुनं विणकाम काढा आणि पुरं करा; त्याला एखादं बाळ, एखादा वाढदिवस, एखादी तारीख नेमून द्या. आणि ते पुरं झालं की लोकर कोणती, सुई कितीची, टाके किती, गळा कुठे सुरू केला हे मराठीत, पुढच्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहून ठेवा. विणणाऱ्या प्रत्येकीला डिझायनर होण्यासाठी एवढं पुरेसं आहे, आणि मराठीत विणकामाचं स्वतःचं वाङ्मय उभं राहायचं तर ते अशाच कागदांवर उभं राहील.