मेपल कशाला? आपला कोशिंब आहे ना!

मैत्रिणींनो, २००० साली आलेला 'मोहब्बतें' आठवतोय? शाहरुख खान व्हायोलिन वाजवतोय आणि आजूबाजूला वाळकी लालपिवळी पानं भिरभिरत खाली येताहेत! त्या पानांनी तेव्हा भल्याभल्यांना वेड लावलं होतं. त्यात कुणाची नणंद टोरांटोला, कुणाचा भाचा न्यू जर्सीत. ऑक्टोबर लागला की त्यांचे फोटो येऊ लागतात. अख्खं झाड कुंकवात बुडवून काढल्यासारखं लाल. मग इगतपुरीत घरापुढचं अंगण नीट करायला काढलं, की हमखास प्रश्न येतो, "आपल्याकडे हवा एवढी थंड, पाऊस एवढा, मग मेपल का नाही येणार?"

प्रश्न रास्त आहे, पण उत्तर फारसं आवडणारं नाही. मेपलला थंड हवा लागते म्हणजे आपली थंडी नव्हे. हिवाळ्यात काही आठवडे पारा सात अंशांच्या खाली राहावा लागतो. तेव्हा हे झाड गाढ झोपतं आणि ती झोप पुरी झाली, तरच वसंतात धड फुटतं. इगतपुरीची उंची जेमतेम सहाशे मीटर. डिसेंबरच्या पहाटे आपण शाल घट्ट ओढून घेतो खरं, पण दुपारी बारा वाजता तीच शाल खुंटीवर असते. झाडाची झोपमोड होते. शिवाय वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा आपला पाऊस! मेपलच्या मुळांना ओल चालते, पण साचलेलं पाणी अजिबात चालत नाही. पावसाळ्यात मुळं कुजतात आणि त्यातून वाचलंच तर एप्रिलचं ऊन पानांच्या कडा करपवून टाकतं.

जपानी मेपल कुंडीत वाढवून पाहता येईल का? हौसच असेल तर येईल. बी ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रीजमध्ये ठेवलं, तर त्याला हिवाळा झाल्यासारखं वाटतं आणि ते रुजतं. पण रोपाचं काय? पुढच्या वर्षी त्याला पुन्हा हिवाळा हवा आणि झाड काही फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. इंटरनेटवर 'निळा मेपल', 'जांभळा मेपल' अशा बियांची पाकिटं विकतात, त्यांच्या नादी तर लागूच नका. निळ्या पानांचा मेपल जगात नाही, तो फक्त फोटोत निळा असतो. आणि हो, परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना बॅगेतून बी किंवा रोप आणायला सांगू नका. २००३च्या नियमांप्रमाणे त्यासाठी परवाना आणि तपासणी लागते. परक्या बियांबरोबर परकी कीडही येते, म्हणून हे नियम आहेत. (काश्मीरच्या सहलीत ज्या झाडाखाली उभं राहून आपण फोटो काढतो, तो चिनारही मेपल नव्हे. पानं सारखी दिसतात एवढंच.)

आता गंमत ऐका. झाडांची कुळं असतात ना, तसं आज वनस्पतिशास्त्रात मेपलचं कुळ आणि रिठ्याचं कुळ एकच मानतात. हो, केस धुवायचा रिठाच! लिची त्याच घरातली. आणि आपल्या सह्याद्रीत रानोमाळ वाढणारा कोशिंबही त्याच घरातला. कुणी त्याला कुसुंब म्हणतं, हिंदीत तो कुसुम. म्हणजे टोरांटोच्या नणंदेच्या दारात उभा असलेल्या झाडाचा चुलतभाऊ आपल्या घाटात आहे आणि आपण त्याला ओळखतसुद्धा नाही!

होळीच्या आसपास कसारा घाटातून कधी रेल्वेने किंवा गाडीने आलात, तर खिडकीतून नीट बघा. डोंगर वाळून तपकिरी झालेला असतो आणि मध्येच एखादं झाड रसरशीत लाल दिसतं. पळस असेल असं वाटतं, पण पळसाला तेव्हा फुलं असतात, पानं नसतात. जवळ गेल्यावर कळतं, की ही फुलं नाहीतच, कोवळी पालवी आहे. मेपल लाल होतो तो पान गळायच्या आधी, म्हणजे म्हातारपणी. कोशिंब लाल होतो तो जन्मतःच! रंग आणणारं द्रव्य एकाच जातीचं, अँथोसायनिन. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून त्याचं संरक्षण मिळतं, असं शास्त्रज्ञ मानतात. तान्ह्या बाळाला टोपडं घालावं तसं. दोनेक आठवड्यांत पान आधी तांबूस, मग पोपटी आणि मग गर्द हिरवं होतं. ऐन एप्रिल-मेमध्ये, दुसरी झाडं उघडीबोडकी असताना, कोशिंबाखाली गार सावली असते. मेपलने आणखी काय दिलं असतं हो?

कोशिंबाचं नाव घरात कधीच येत नाही असंही नाही. लाखेचे किडे ज्या झाडांवर पोसतात, त्यात याचा मान मोठा आणि कुसुमी लाख उत्तम समजली जाते. बियांचं तेल काढतात, अंगाला आणि केसांना लावायला. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी इंग्रज साहेब डोक्याला मकासर तेल चोपडायचे, त्यातही हे तेल असायचं म्हणतात. तेलाचे डाग खुर्चीच्या पाठीला पडू नयेत म्हणून त्यांच्या मडमा क्रोशाचे रुमाल विणून पाठीवर टाकायच्या. आपल्या आयांनी सोफ्यासाठी विणलेल्या त्या पांढऱ्या रुमालांचं मूळ हे असं आहे! तेल बाहेरून लावायला ठीक, बी मात्र मुलांना चावू देऊ नका, ते खाण्याचं नव्हे. खायचा तो फळातला आंबट गर.

मला राहून राहून वाईट वाटतं ते एका गोष्टीचं. मुंबई-नाशिक रस्ता रुंद झाला, जून २०२५मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आपल्या भागात प्लॉट, सेकंड होम, रिसॉर्ट यांची घाई उडाली. प्लॉट घेतला की पहिलं काम म्हणजे जेसीबी बोलावून 'जंगली झाडं' साफ करणं. त्यात साठ-सत्तर वर्षांचा कोशिंब असला तरी जातो. मग त्याच जागी लॉन येतं आणि नर्सरीतून आणलेली, लाल पानांची महागडी परदेशी झुडपं येतात. प्लॉट घेत असाल, तर साफसफाई मार्चनंतर करा. एकदा होळी होऊ द्या. लाल पालवी फुटली की झाड आपण होऊन नाव सांगेल. नगरपरिषदेच्या हद्दीत तर झाड तोडायला परवानगी लागतेच.

नवं लावायचं असेल तर आधी अंगण मोजा. कोशिंब मोठा होतो. घर, विजेच्या तारा आणि शौचालयाची टाकी यांच्यापासून वीस-पंचवीस फूट लांब जागा हवी. वाढतो सावकाश, पण रोप गुडघ्याएवढं असलं तरी त्याची पालवी लालच फुटते, हे त्यातलं सुख. रोप घेताना पान नीट बघा. एका देठावर समोरासमोर तीनेक जोड्या पानं, टोकाची जोडी सगळ्यात मोठी. 'कुसुम' एवढंच म्हणालात तर गोंधळ होईल, कारण करडईलाही काही ठिकाणी तेच नाव आहे.

एवढी जागा नसेल तर ताम्हण लावा. आपल्या महाराष्ट्राचं हे राज्यफूल. एप्रिल-मेमध्ये जांभळ्या फुलांचे तुरे येतात, हे पुष्कळजणींना माहीत असतं. पण थंडीत गळायच्या आधी त्याची पानं तांबडी-नारिंगी होतात, इकडे कुणाचं लक्षच जात नाही. मुळात ओढ्याकाठचं झाड, त्यामुळे इगतपुरीचा पाऊस त्याला मानवतो. घरापासून दहा-बारा फूट पुरे. देशी बदामाचीही पानं लाल होतात, पण ती एवढी मोठी, की पन्हाळी तुंबतात. अंगण झाडणारी आपणच असू, तर विचार करून लावावं! फ्लॅटवाल्यांनी कुंडीत पॉइन्सेटिया ठेवावा. तो डिसेंबरात लाल होतो, पण त्याला रात्री तेरा-चौदा तास अंधार लागतो. गॅलरीतला दिवा रोज अकरापर्यंत चालू असेल, तर तो हिरवाच राहील आणि तुम्ही नर्सरीवाल्याला नावं ठेवाल.

खड्डा मे महिन्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खणा आणि आठ-पंधरा दिवस तापू द्या. माती, शेणखत आणि पालापाचोळा भरताना मधे उंचवटा ठेवा, म्हणजे जुलैच्या झडीत बुंध्याशी पाणी तुंबत नाही. रोप जूनच्या पहिल्या पावसानंतर लावा, बांबूचा आधार द्या, शेळ्यांसाठी भोवती करवंदीच्या काटेरी फांद्या रोवा.

खरी परीक्षा पावसाळ्यात नसते, ती उन्हाळ्यात असते. एवढा पाऊस पडूनही आपल्या तालुक्यातल्या कितीतरी वाड्यापाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडा घेऊन मैलभर चालतात. अशा गावात रोज बादलीभर पाणी पिणारं शोभेचं झाड लावणं मला तरी पटत नाही. कोशिंब-ताम्हणाला पहिले दोन-तीन उन्हाळेच जपावं लागतं. बुंध्याजवळ तळाला बारीक भोक पाडलेलं जुनं मडकं पुरा, भोकात चिंधीची वात घाला आणि तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी त्यात ओता. वर झाकण आणि भोवती पालापाचोळा असला, की एकदा भरलेलं मडकं दोन-तीन दिवस जातं.

विकत रोप मिळालं नाही तर बी गोळा करा. कोशिंबाची फळं मे अखेरपासून पिकायला लागतात. सगळ्याच झाडांना फळं धरतात असं नाही, म्हणून झाड आधी हेरून ठेवा. गर चोखून मुलं बी टाकतात, तेच उचला, दिवसभर पाण्यात भिजत घाला आणि लगेच पिशवीत लावा. ठेवून दिलेलं बी पुढच्या वर्षी रुजेलच असं नाही.