निधर्मी आणि अपक्ष : असा कारभारी अधिक चांगला?

निवडणुका जवळ आल्या, की चहाच्या टपरीपासून दिवाणखान्यापर्यंत एक अपेक्षा हमखास ऐकू येते. कोणत्याही पक्षाच्या दावणीला न बांधलेला, देवाधर्माचे अवडंबर न माजवणारा एखादा स्वच्छ माणूस सत्तेवर आला पाहिजे. मग कारभार कसा सुधारतो ते बघा! ही अपेक्षा भाबडी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. पक्षांनी आणि धर्माच्या नावाने मते मागणाऱ्यांनीच ती वर्षानुवर्षे बळकट केली आहे. मात्र 'निधर्मी' आणि 'अपक्ष' हे दोन्ही गुण भारतीय राजकारणात आजमावले गेले आहेत. तो अनुभव तपासला, तर एक अडचण पुढे येते. हे दोन गुण एकमेकांना पूरक तर नाहीतच, उलट एकमेकांच्या वाटेत येतात.

राज्यघटनेची या दोहोंनाही आडकाठी नाही. मंत्र्याला 'ईश्वरसाक्ष' शपथ घेता येते, तशीच ईश्वराचे नाव न घेता 'गांभीर्यपूर्वक' प्रतिज्ञाही करता येते. पंतप्रधान वा मुख्यमंत्री पक्षाचा सदस्य असलाच पाहिजे, अशीही अट नाही. त्याच्यामागे सभागृहाचे बहुमत असले की पुरे. किंबहुना, १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट जोडले जाईपर्यंत आपल्या घटनेत राजकीय पक्ष या संस्थेची दखलच नव्हती. संसदीय लोकशाही ज्या चाकांवर चालते, त्यांचा उल्लेख मूळ आराखड्यात नसावा, ही गंमतच म्हणायची.

ईश्वराचा प्रश्न मात्र घटना समितीत थेट मतदानाला गेला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटनेच्या उद्देशिकेवर चर्चा सुरू असताना मध्य प्रांत व वऱ्हाडातून आलेले सदस्य ह. वि. कामत यांनी तिचा प्रारंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी दुरुस्ती सुचवली. ती मागे घेण्याची विनंती झाली. कामतांनी ऐकले नाही. दुरुस्तीच्या बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. विरोधात मत देणाऱ्यांत श्रद्धाळू माणसे कमी नव्हती. श्रद्धेचा विषय बहुमताने ठरवू नये, असे त्यांतल्या काहींचे म्हणणे होते. राज्यकर्ता व्यक्तिशः श्रद्धाळू आहे की नाही आणि राज्य धर्मापासून अलिप्त आहे की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे त्या सभागृहाला चांगले उमगले होते.

नेहरूंचा अनुभव

व्यक्तिशः निधर्मी असलेल्या राज्यकर्त्याचे सर्वांत ठळक भारतीय उदाहरण अर्थातच पंडित जवाहरलाल नेहरू. आपल्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, असे त्यांनी १९५४ मध्ये मृत्युपत्रात लिहून ठेवले होते. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यसंस्कार मंत्रोच्चारातच झाले. पंतप्रधानाला स्वतःच्या अंत्यविधीपुरतेही निधर्मी राहता आले नाही, यावरून त्या पदाभोवतीच्या समाजाची कल्पना यावी.

कारभाराच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो हिंदू संहिता विधेयकाचा इतिहास. स्त्रियांना वारसाहक्क, घटस्फोटाची तरतूद आणि बहुपत्नीत्वाला बंदी हा या विधेयकाचा गाभा होता. तत्कालीन कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ते तडीस नेण्यासाठी जिवाचे रान केले. पंतप्रधान अनुकूल होते. पण काँग्रेसमधील सनातनी गट विरोधात होता आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनाही ते मान्य नव्हते. विधेयक रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरांनी राजीनामा दिला. पंतप्रधानाची निधर्मी वृत्ती त्या वेळी कामी आली नाही.

ती कामी आली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर. लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला मिळाल्या. हिंदू कायद्यातील सुधारणा हा नेहरूंच्या प्रचाराचा भाग होता आणि आता पक्षातील विरोधकांचा आवाज क्षीण झाला होता. मूळ विधेयकाचे तुकडे करून १९५५ मध्ये विवाह कायदा आणि १९५६ मध्ये वारसा, पालकत्व व दत्तकविषयक कायदे संमत झाले. लेकीबाळींना बापाच्या मालमत्तेत कायद्याने जो वाटा मिळाला, तो विवेकनिष्ठ पंतप्रधान होता म्हणून हे जितके खरे, तितकेच त्याच्यामागे तीनशेहून अधिक खासदारांचा पक्ष होता म्हणून, हेही खरे. दरम्यान, ज्यांनी या विधेयकासाठी मंत्रिपद सोडले, त्या आंबेडकरांना त्याच निवडणुकीत मुंबईत पराभव पत्करावा लागला होता.

तामिळनाडूचा इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. पेरियार ई. व्ही. रामस्वामी हे कडवे निरीश्वरवादी. १९२० च्या दशकात त्यांनी स्वाभिमान चळवळ सुरू केली आणि पुरोहिताविना विवाहांची प्रथा रुजवली. मद्रास उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात अशा विवाहांची कायदेशीर वैधता नाकारली, तेव्हा त्या दांपत्यांच्या मुलांच्या वारसाहक्कावरच प्रश्नचिन्ह लागले. पेरियार स्वतः निवडणुकांपासून कटाक्षाने दूर राहिले. त्यांच्यापासून १९४९ मध्ये वेगळे झालेले सी. एन. अण्णादुराई यांनी द्रविड मुन्नेत्र कळघम हा पक्ष काढला, गुरूच्या नास्तिकतेला मुरड घालून एका ईश्वराची भाषा स्वीकारली आणि १९६७ मध्ये सत्ता मिळवली. स्वाभिमान विवाहांना मान्यता देणारा आणि पूर्वी झालेले विवाहही वैध ठरवणारा कायदा झाला, तो या मवाळ झालेल्या, पक्षबद्ध अण्णादुराईंच्या हातून. चळवळीने दशकानुदशके मागितले ते पक्षाने वर्षभरात दिले. त्यासाठी निरीश्वरवादाची धार मात्र बोथट करावी लागली. पुढे उघडपणे नास्तिक म्हणवणारे एम. करुणानिधी मुख्यमंत्री झाले आणि राज्यातील हजारो मंदिरांच्या व्यवस्थापनाचे खातेही त्यांच्याच सरकारकडे आले. अर्चकपदाचा वंशपरंपरागत हक्क रद्द करणारी दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. ती १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली. प्रशिक्षित ब्राह्मणेतर अर्चकांच्या सरकारी नेमणुका मोठ्या प्रमाणावर व्हायला मात्र २०२१ साल उजाडले.

महाराष्ट्राचा अनुभव काहीसा कटू आहे आणि तो पक्षांच्या बाजूने पूर्णपणे जात नाही. अंधश्रद्धेच्या आडून होणाऱ्या शोषणाविरुद्ध कायद्याची मागणी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अनेक वर्षे लावून धरली. दाभोलकर निरीश्वरवादी होते, पण त्यांच्या मसुद्याचा रोख देवावर वा धर्मावर नव्हता. नरबळी, अघोरी उपचार, भुताटकीच्या नावाने मारझोड असे प्रकार रोखणे हा त्याचा हेतू होता. पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षांचे सरकार राज्यात १९९९ पासून सलग होते, तरीही मते जाण्याच्या धास्तीने विधेयक अधिवेशनामागून अधिवेशने लांबणीवर पडत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. जे बहुमत इतकी वर्षे हाताशी होते, ते वापरायला एका माणसाचा जीव जावा लागला. पक्ष असला म्हणजे काम होतेच असे नाही. तो नसला तर कोणाकडे काय मागायचे, हाच प्रश्न उरतो.

अपक्षांची किंमत

आता दुसरा गुण. अपक्ष राज्यकर्ता कोणाचा मिंधा नसतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात तो एका पक्षश्रेष्ठींचा मिंधा नसतो एवढेच.

महाराष्ट्राने १९९५ मध्ये अपक्षांचे बळ पाहिले. २८८ जागांच्या विधानसभेत शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ अशा युतीला १३८ जागा मिळाल्या. बहुमताला सात कमी. त्या वेळी तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते. त्यांतले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर होते, म्हणजे अपक्ष हे त्यांचे तत्त्व नव्हते, उमेदवारी नाकारली गेल्याने झालेली अवस्था होती. त्यांच्या टेकूवर मनोहर जोशी यांचे सरकार उभे राहिले. पक्षांतरबंदी कायद्यानुसार अपक्ष आमदाराला निवडून आल्यावर कोणत्याही पक्षात प्रवेश करता येत नाही. केल्यास आमदारकी जाते. पाठिंबा देणे, काढून घेणे आणि मंत्री होणे यांवर मात्र बंधन नाही. त्यामुळे अपक्षाचे मत दर अधिवेशनाला नव्याने मिळवावे लागते.

मुख्यमंत्रीच अपक्ष असला तर? मेघालयात डिसेंबर २००१ मध्ये डॉ. फ्लिंडर अँडरसन खोंगलाम हे अपक्ष आमदार आघाडीचे मुख्यमंत्री झाले आणि मार्च २००३ पर्यंत त्या पदावर राहिले. अधिक गाजले ते झारखंडचे मधू कोडा. भाजपने उमेदवारी नाकारल्यावर २००५ मध्ये ते अपक्ष म्हणून निवडून आले, ८१ सदस्यांच्या त्रिशंकू विधानसभेत भाजपप्रणीत सरकारला पाठिंबा देऊन मंत्री झाले, पुढे तोच पाठिंबा काढून घेतला आणि सप्टेंबर २००६ मध्ये विरोधी आघाडीच्या बळावर थेट मुख्यमंत्रिपदी बसले. स्वतःचा म्हणून एकही आमदार पाठीशी नसलेला मुख्यमंत्री! ज्या पक्षांनी त्यांना बसवले होते, त्यांतल्या एकाने, झारखंड मुक्ती मोर्चाने, ऑगस्ट २००८ मध्ये पाठिंबा काढला आणि खुर्ची गेली. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या विशेष न्यायालयाने कोळसा खाणवाटपाच्या एका प्रकरणात कोडा यांना दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षा आणि २५ लाख रुपयांचा दंड सुनावला.

एका कोडांवरून सगळ्या अपक्षांना दूषणे देणे अन्यायाचे ठरेल. पक्षाच्या मुख्यमंत्र्यांवरही खटले झालेले आहेत. पण फरक आहे. पक्षाचा मुख्यमंत्री गैरकारभार करतो, तेव्हा पुढच्या निवडणुकीत त्याचे सहकारी आणि चिन्ह मतदाराच्या तावडीत सापडतात. म्हणून तरी पक्षातून कधी कधी दट्ट्या येतो. अपक्ष मुख्यमंत्र्याच्या चुकीचा हिशेब कोणत्या चिन्हाकडे मागायचा?

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे उदाहरण या संदर्भात आवर्जून दिले जाते. ते निधर्मी नव्हते, पण पक्षातीत निश्चितच होते. २००२ मध्ये सत्ताधारी आघाडी आणि काँग्रेस या दोघांनीही त्यांना राष्ट्रपतिपदासाठी पाठिंबा दिला. लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांनी मे २००६ मध्ये फेरविचारासाठी परत पाठवले. संसदेने ते पुन्हा संमत केले आणि घटनेनुसार त्यांना स्वाक्षरी करावी लागली. त्याआधी मे २००५ मध्ये मॉस्कोच्या दौऱ्यावर असताना बिहार विधानसभेच्या विसर्जनाच्या आदेशावर त्यांनी स्वाक्षरी केली होती आणि ते विसर्जन सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. त्यांच्या सचोटीबद्दल कोणी शंका घेतली नाही. ज्या पदावर पक्षातीत माणूस शोभतो, त्या पदाला राज्य चालवण्याचा अधिकार घटनेने दिलेला नाही, इतकाच याचा अर्थ.

रॉय यांचा मार्ग

निधर्मी आणि पक्षविरहित राजकारणाचा विचार भारतात सर्वांत गांभीर्याने केला तो मानवेंद्रनाथ रॉय यांनी, आणि त्यांच्या वर्तुळात मराठी माणसांचा वाटा मोठा होता. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे ही त्यांतली ठळक नावे. धर्मकोशासाठी वेदशास्त्रांचे उतारे जुळवणारा पंडित आणि इहवादी रॉय यांची मैत्री हा महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातला एक मनोज्ञ प्रसंग आहे.

रॉय यांनी स्वतः पक्ष काढून पाहिला होता. १९४० मध्ये स्थापन झालेला त्यांचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष १९४६ च्या निवडणुकीत सपाटून हरला. पराभवानंतर पक्ष फुटतात. रॉय यांनी डिसेंबर १९४८ मध्ये तो चक्क विसर्जित केला. पक्ष हे यंत्रच सत्तेच्या हव्यासावर चालते, ते विवेकी माणसांनी चालवले तरी अखेर सत्तेसाठीच झिजते, हा त्यांचा निष्कर्ष होता. पण त्यापुढची त्यांची मांडणी मोलाची आहे. पक्ष नको म्हणून एखादा सद्गुणी नेता शोधा, असे ते म्हणाले नाहीत. गावोगावी लोकसमित्या असाव्यात, उमेदवार त्यांनी निवडावा आणि नको झाल्यास परत बोलवावा, असा त्यांचा आराखडा होता. चांगला राज्यकर्ता कोठून आणायचा, या प्रश्नाऐवजी त्याला आवरणार कोण, हा प्रश्न त्यांना महत्त्वाचा वाटला. रॉय १९५४ मध्ये निवर्तले. त्या समित्या देशभर कधी उभ्या राहिल्या नाहीत. पक्षविरहित लोकशाहीचा पुरस्कार पुढे जयप्रकाश नारायण यांनी केला आणि आणीबाणीने त्यांच्यावर अशी वेळ आणली, की १९७७ मध्ये चार पक्षांना एकत्र आणून जनता पक्ष घडवण्यात त्यांनाच पुढाकार घ्यावा लागला. आणीबाणीच्या तरतुदींना वेसण घालणारी ४४ वी घटनादुरुस्ती त्याच पक्षाच्या सरकारने १९७८ मध्ये केली.

तारकुंडे मात्र पक्षाबाहेरच राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तिपद भूषवल्यानंतर त्यांनी दिल्लीत वकिली आणि नागरी हक्कांची चळवळ केली. जयप्रकाशांच्या प्रेरणेने नेमलेल्या निवडणूक सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणावे, ही त्या समितीच्या १९७५ मधील अहवालातील एक शिफारस. एका निधर्मी, पक्षातीत माणसाची ही सूचना कागदावर पडून राहिली. १९८८ मध्ये लोकसभेत चारशेहून अधिक जागा जिंकून आलेल्या काँग्रेस पक्षाच्या सरकारने ६१ वी घटनादुरुस्ती आणली, मार्च १९८९ मध्ये ती अमलात आली आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत अठरा वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्यांदा मतदान केले. त्या निवडणुकीत काँग्रेसचे बहुमत गेले.