डी रिकामा, मग सी का रडतो?

घरात संगणक आला, पेंटमध्ये डोंगर-सूर्य-नदी काढून झाली, दोन-चार गेम टाकून झाले, आणि एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली: जागा संपत आली! ‘दिस पीसी’ उघडून बघता तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. शेजारचा डी मात्र जवळजवळ मोकळा. एवढी जागा पडून असताना सी गळा का काढतोय?

आधी एक गुपित ऐका. संगणकाच्या डब्यात सी आणि डी अशा दोन वस्तू बहुतेक वेळा नसतातच. डिस्क एकच असते. तिचे भाग पाडलेले असतात, त्यांना पार्टिशन म्हणतात. (ए आणि बी कुठे गेले? ती अक्षरं फ्लॉपी डिस्कसाठी राखून ठेवली होती. फ्लॉप्या कधीच गेल्या, तरी गिनती सीपासूनच!)

उल्हासनगरकरांना हे चटकन कळेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती, लांबच लांब बराकींची. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं याच बराकींमध्ये राहिली. १९४९ मध्ये छावणीचं नाव उल्हासनगर झालं. तिथल्या पत्त्यांमध्ये कॅम्प नंबर आणि बराक नंबर आजही लिहितात. एकेका बराकीत आडभिंती घालून अनेक बिऱ्हाडं थाटली होती. आता समजा, एका टोकाला सीचं बिऱ्हाड आहे आणि त्याला लागून डीचं. डी म्हणाला, ‘घे बाबा, माझी थोडी जागा.’ पण त्याने सोडली ती पलीकडच्या टोकाची! सीने भिंत सरकवायची कशी? मध्ये डीचं सगळं सामान.

डिस्कवर नेमकं हेच होतं. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये मोठ्या माणसांना सोबत घेऊन जा. सगळी डिस्क एका आडव्या पट्टीसारखी दिसेल. त्यात नाव नसलेले एक-दोन चिमुकले चौकोनही असतील. त्यांना हात लावू नका, संगणक सुरू होतो तो त्यांच्याच जिवावर. डीला ‘श्रिंक’ म्हटलं, तर तो शेपटाकडून आकसतो. मोकळी जागा डीच्या पलीकडे पडते, आणि सीसाठीचा ‘एक्स्टेंड’ पर्याय फिकटच राहतो. म्हणून सोपा उपाय असा: भिंतीच्या नादी न लागता सीमधले व्हिडिओ आणि फोटो उचलून डीमध्ये न्यायचे. गेम मात्र असे ओढून नेता येत नाहीत, ते काढून पुन्हा टाकावे लागतात.

या भिंती कुठून कुठपर्यंत आहेत, याची नोंद कुठे असते? मला सगळ्यात गंमत वाटते ती याचीच. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत ही यादी डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांमध्ये असते, आणि यादीला जागा किती? फक्त ६४ बाइट. एका भागाला १६, म्हणजे चारच भाग. ६४ बाइट म्हणजे किती ते करून बघू. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, अनुस्वार, पायमोडसुद्धा, साधारणपणे ३ बाइट घेतं. उल्हासनगर २७, अंबरनाथ २१, बदलापूर २१. झाले ६९! आपली तीन गावंसुद्धा त्या यादीत मावत नाहीत, आणि अख्खी डिस्क तिच्या भरवशावर. नव्या पद्धतीत विंडोजवर १२८ भाग करता येतात. एवढे कोणाला लागतात, देव जाणे.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. खोक्यावर १ टीबी लिहिलंय, संगणक ९३१ जीबीच दाखवतो, दुकानदाराने फसवलं! नाही हो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. डिस्क तेवढीच आहे. आणि फाइल डिलीट केली तरी जागा वाढत नसेल तर रीसायकल बिन बघा. टाकलेली फाइल तिथे आरामात बसलेली असते, जागा अडवून.

‘फोटो डीमध्ये टाक, सुरक्षित राहतील,’ असं घरची मोठी माणसं सांगतात. ते अर्धंच खरं. विंडोज बिघडली आणि सी पुसून ती पुन्हा टाकावी लागली तर डी वाचतो. पण डिस्कच गेली तर दोघंही जातात. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला असा पूर आला की बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा पाण्यात तळमजल्यावरचा संगणक बुडाला, तर पाणी काय सी आणि डी बघून आत शिरणार? फोटोंची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो अंबरनाथच्या आत्याकडे ठेवायला द्या. आत्या वरच्या मजल्यावर राहत असेल तर उत्तमच.