ब्रिटिश पबमधील दरवाढ : एका पिंटच्या किमतीचे अर्थकारण

प्रस्तावना :

'पब' हे 'पब्लिक हाऊस' या संज्ञेचे संक्षिप्त रूप होय. पुण्या-मुंबईत या शब्दासरशी कर्णकर्कश संगीत डोळ्यांपुढे येते. ब्रिटनमधील पब मात्र बहुधा गावातील वा गल्लीतील बैठकीची जागा असते. तेथे बिअर पिंटच्या, म्हणजे ५६८ मिलिलिटरच्या, मापाने दिली जाते. इ.स. २००० च्या सुमारास एक पिंट लागर सरासरी दोन पौंडांच्या आसपास मिळत असे. २०२५ पर्यंत हा दर पाच पौंडांच्या घरात गेला. याच काळात पबची संख्या सुमारे ६० हजारांवरून ४५ हजारांवर आली. या दरवाढीमागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कर आणि वेतन :

लोकचर्चेत दोष प्रामुख्याने उत्पादन शुल्कास दिला जातो. २००८ ते २०१३ या काळात बिअरवरील शुल्क महागाई दराहून अधिक वेगाने वाढविण्याचे धोरण होते, हे खरे. तथापि ऑगस्ट २०२३ पासून सर्वच प्रकारच्या मद्यांवरील शुल्काची आकारणी मद्यार्काच्या प्रमाणावर होऊ लागली व पिंपातून विकल्या जाणाऱ्या बिअरला सवलत मिळाली. फेब्रुवारी २०२५ मधील दरानुसार ४ टक्के मद्यार्काच्या पिंटवर सुमारे ४३ पेन्स शुल्क पडत होते. पाच पौंडांच्या त्याच पिंटवर मूल्यवर्धित कर मात्र ८३ पेन्स होतो, कारण २० टक्के कर म्हणजे विक्रीकिमतीचा सहावा हिस्सा. साहजिकच किंमत कोणत्याही कारणाने वाढली, तरी हा कर आपोआप वाढतो.

ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात पिंटमागे एक पेनी शुल्ककपातीचा मोठा गाजावाजा झाला. त्याच अर्थसंकल्पाने एप्रिल २०२५ पासून मालकाचे राष्ट्रीय विमा अंशदान १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के केले आणि ते लागू होण्याची वार्षिक वेतनमर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० पौंडांवर आणली. किमान वेतनही ताशी ११.४४ पौंडांवरून १२.२१ पौंड झाले. पबमधील बरेच कर्मचारी अर्धवेळ काम करतात; त्यामुळे वेतनमर्यादा खाली आल्याचा फटका या व्यवसायास विशेष बसला. त्यापुढे एका पेनीची सवलत केवळ प्रतीकात्मकच म्हणावी लागेल.

बांधील पब :

यापेक्षा जुना व कमी चर्चिला गेलेला घटक मालकीचा आहे. अनेक पबचालक भाडेकरू असून बिअर मालक कंपनीकडूनच घेण्यास बांधील असतात. भाडे कमी, पण बिअर बाजारभावापेक्षा महाग. या फरकाला व्यवसायात 'ओले भाडे' असे समर्पक नाव आहे. १९८९ मध्ये शासनाने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या बिअर उत्पादकांवर निर्बंध घातले. स्पर्धा वाढावी हा हेतू होता. परंतु उत्पादकांनी विकलेले हजारो पब स्वतः बिअर न बनविणाऱ्या मोठ्या मालमत्ता कंपन्यांच्या हाती गेले आणि बंधन कायम राहिले. जुलै २०१६ पासून इंग्लंड व वेल्समध्ये लागू झालेल्या संहितेनुसार मोठ्या कंपन्यांच्या भाडेकरूस ठरावीक प्रसंगी केवळ बाजारभावाचे भाडे देऊन बिअर अन्यत्र खरेदी करण्याचा पर्याय मिळाला. मात्र तो स्वीकारताच 'कोरडे' भाडे वाढते.

दुसरीकडे सुपरमार्केट हजारो वस्तूंच्या विक्रीवर आपला खर्च विभागते आणि लागर अत्यल्प नफ्यावर विकू शकते. पबचालकास ते शक्य नाही. त्याने दर वाढविल्यास नेहमीचा ग्राहक घरीच पितो. न वाढविल्यास वेतन, वीज आणि भाडे भागत नाही.