गिरणीतला गहू

मावल्यात गहू टाळणं म्हणजे काही अवघड नाही, असं कुणालाही वाटेल. आदिलाबाद शहराला खेटून असलेलं हे गाव पडतं ज्वारीच्या मुलखात. इथल्या मराठी घरात भाकरी, शेजारच्या तेलुगू घरात जोन्नरोट्टे, चूल निराळी आणि पदार्थ तोच. त्यामुळे पुतणीला सिलिअॅक निघाला तेव्हा जो तो म्हणाला, "पोळी बंद करायची, भाकरी खायची. त्यात काय एवढं?"

गव्हाचं पीठ पाण्यात मळलं की ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांना धरतात आणि चिवट जाळं होतं. तेच ग्लूटेन. पोळी ताणते, पाव फुगतो तो त्याच्या जिवावर. सिलिअॅक असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती मात्र ते पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. पोट बिघडतं, रक्त कमी होतं, पोरांची वाढ खुंटते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने याचा माग गव्हापर्यंत नेला. 1944-45च्या दुष्काळी हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याची खात्री आणखी पक्की झाली. संशय आला म्हणून आपल्या मनाने गहू सोडू नये, हे इथंच सांगून टाकतो. आधी सोडला तर रक्ताची तपासणी फसवी येते.

ज्वारीत हे जाळं नाहीच. वहिनी परातीत पीठ घेऊन मधे आळं करतात आणि त्यात उकळतं पाणी ओततात. त्या उकळीनं पिठातला स्टार्च चिकट होतो, ग्लूटेनचं काम तो निभावतो. मग तळव्याच्या टाचेनं रगडणं, थापताना फाटलेली कड ओल्या बोटानं सांधणं. पीठ जुनं झालं की विरी जातं, मग कितीही मळा, भाकरी तव्यावर जाईपर्यंत तुटते. काही घरांत यावर तोडगा म्हणून मूठभर कणीक मिसळतात, लाटायलाही बरं पडतं. पुतणी पाहुणी म्हणून गेली आणि ती भाकरी पानात आली, की विचारल्याशिवाय कळायची सोय नाही.

ताजं पीठ हवं म्हणजे गिरणीची खेप वाढली, आणि खरी गोम तिथंच आहे. मी मुद्दाम उभं राहून पाहिलं. आधीच्या बाईचे गहू संपले, गिरणीवाल्यानं पत्र्याच्या डब्यावर दोन थापा मारल्या आणि वरून आमची ज्वारी ओतली. कापडी बाहीतून पहिल्यांदा पडलं ते पीठ पिवळसर होतं, म्हणजे गव्हाचंच. मागाहून ज्वारीचा पांढरा रंग आला. दगडांच्या खाचांत, बाहीच्या शिवणीत, गिरणीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा कणीक. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे 'ग्लूटेनमुक्त' म्हणायचं तर किलोमागे ग्लूटेन 20 मिलिग्रॅमच्या वर नको. कणकेत साधारण दहावा हिस्सा ग्लूटेन धरला, तर किलोभर ज्वारीच्या पिठात जेमतेम 200 मिलिग्रॅम कणीक खपेल. चिमूटसुद्धा नाही! बाहीत अडकलेलं पीठ त्याच्या कितीतरी पट असणार.

पहाटेचं पहिलं दळण आपलं घ्यायचं, त्याआधी थोडे तांदूळ फिरवून घ्यायचे, हे करून झालं. दादाला तेही पटेना. शेवटी घरघंटी आणली आणि तिच्यात गहू घालायचाच नाही असं ठरलं. आता शेजारणी डबे घेऊन येतात आणि वहिनींना नाही म्हणताना जीव नकोसा होतो. नव्या यंत्राचं कौतुक, आणि ते वापरू देत नाहीत म्हणून नाराजी!

उरलेला गहू स्वयंपाकघरात लपून होता. डबीतला बांधणीचा हिंग मैद्यात बांधलेला निघाला, तांदळाच्या पिठातला शोधावा लागला. दुधात घालायच्या पावडरीत जवाचं माल्ट, तेही गव्हासारखंच वर्ज्य. सोया सॉसमध्ये गहू. थालीपिठाच्या भाजणीत गहू, उन्हाळ्यात आजी धाडते त्या कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. एकादशीचं फराळाचं ताट तेवढं बिनघोर: साबुदाणा, भगर, शिंगाडा. राजगिऱ्याचं पीठ मात्र घरीच दळलेलं.

लग्नाच्या पंगतीत पुऱ्या तळलेल्या कढईतच पापड तळतात, आणि शिऱ्याच्या पळीनं भात वाढतात. पुतणी आता दहा वर्षांची आहे. भाकरीचा डबा घेऊन ती थेट आचाऱ्याकडे जाते आणि वाढप सुरू व्हायच्या आत वरणाची वाटी भरून घेते. वरणाला हिंग कोणता, हे विचारल्यावर आचारी आधी हसला, मग त्यानं डबी उलटी करून वाचली.